अचलबाबा आणि अकरा सूत

या, जरा पुढं सरकून बसा. लांब बसलं की टाळ तेवढे ऐकू येतात आणि शब्द निसटतात. माझ्या गोष्टीत टाळ नाहीत, नुसते शब्दच आहेत. तिरोड्याच्या बाजूला भिवाटोला म्हणून एक गाव. तिथल्या रामाच्या देवळाचा सभामंडप आठ महिन्यांत अकरा सूत खाली गेला आणि एका सकाळी, लोकांच्या न्याहाऱ्या व्हायच्या आत, पुन्हा आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. सूत म्हणजे सुताराचं सूत, इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक. आता याला चमत्कार म्हणायचं की आणखी काही, ते शेवटी तुम्हीच ठरवा. मी मध्ये बोलणार नाही. म्हणजे फारसं बोलणार नाही.

बिहारात मोठा भूकंप झाला त्या सालातली गोष्ट. भिवाटोल्यात माघातला कीर्तन सप्ताह चालू होता. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून देऊळ, देवळापुढे सभामंडप, आणि मंडपात नारदाच्या गादीवर भोजराजबुवा उभे. बुवा तीस वर्षं पवनीहून न चुकता यायचे. त्या रात्री पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आणि उत्तररंगात बुवांनी नावाड्याचं आख्यान लावलं. भोळा नावाडी, चढलेली वैनगंगा, नावेत सात महिन्यांचं लेकरू घेऊन माहेराला निघालेली एक बाई. नदीच्या मधोमध नावेला भोक पडलं. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. नावाड्याने वल्हं टाकून हात जोडले, बुवांनी चिपळ्या डोक्याच्या वर उचलल्या, आणि तेवढ्यात छताच्या कडेचा परातीएवढा चुना सुटून पेटीवर आपटला.

पेटीवाला उठून पळाला. भूकंप, भूकंप म्हणत मंडप रिकामा झाला. बुवांनाही कोणीतरी उचलून बाहेर नेलं, आणि ते चिपळ्या वर धरूनच गेले असं सांगतात. आत उरली दोघं. एक गाभाऱ्यातला राम, आणि दुसरी खांबाला टेकून बसलेली अनुसयाबाई. ही देवळामागे एकटी राहायची, लाखोळीच्या डाळीचे दाणे भाजून बाजारात विकायची, आणि कीर्तन म्हटलं की सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा ती एवढंच विचारत होती, "नाव काठाले लागली का वो?"

नाव लागली नव्हती. सकाळी लोकांनी बुवांना विनवलं की बाकीचं आख्यान शाळेच्या पडवीत पुरं करा. बुवा म्हणाले, आख्यान ज्या गादीवर सुटलं त्याच गादीवर उचलायचं, ही माझ्या गुरूची आज्ञा. नाव एका घाटावर बुडत असताना ती दुसऱ्या घाटावरून कशी काढू? आणि आता गळा साथ देत नाही, पुढच्या माघात येईन ते शेवटचं. एवढं बोलून बुवा बैलगाडीत बसले. नावाडी, बाई आणि लेकरू वैनगंगेच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात राहिली.

अनुसयाबाईने त्या दिवसापासून गूळ सोडला. लाह्या आणि गूळ एवढीच त्या बाईची चैन होती. कोणी विचारलं तर म्हणायची, ते लेकरू पाण्यात असताना माझ्या तोंडात गूळ कसा जाईल.

आता आपले जागेश्वर गुरुजी. भिवाटोल्याच्या शाळेचे हेडमास्तर. त्या शाळेत दुसरा मास्तर नव्हता, पण हेडमास्तर होतेच. आडनाव लंजे, जातीने कोहळी, म्हणजे ज्यांच्या बापजाद्यांनी या मुलखातले तलाव बांधले त्यांच्यातले. अंगात काळा कोट, डोक्याला रुमाल, आणि कीर्तनाचं वेड असं की वर्गात भूगोल शिकवतानासुद्धा आधी नमन करायचे. फाल्गुनात जिल्ह्याच्या कचेरीतून देवळाच्या पंचांना कागद आला तो वाचायला त्यांच्याकडेच आला. कागदात लिहिलं होतं की भिंतीला तडा गेला आहे. तलावाच्या ओलीमुळे सदर इमारत खचत असण्याचा संभव आहे. खचत असल्यास उतरवून घ्यावी, खचत नसल्यास तसं आठ महिन्यांच्या मोजणीने सिद्ध करावं. तोवर आत पंचवीसपेक्षा जास्त माणसं जमवू नयेत.

गुरुजींनी कागदाची घडी घातली आणि पंचांना सांगितलं की मोजणी मी करीन. अधिकार काय, असं विचारायची कोणाची छाती नव्हती, म्हणून मीच सांगतो. वयाच्या सोळाव्या वर्षी गुरुजी एक हिवाळाभर सर्व्हेच्या तुकडीत होते. तिथे दुर्बिणीला ऊन लागू नये म्हणून तिच्यावर छत्री धरायचं काम असतं, ते त्यांच्याकडे होतं. छत्री धरता धरता सगळी विद्या आपल्याकडे उतरली अशी त्यांची समजूत होती, आणि खोटं कशाला बोलू, बरीचशी उतरलीही होती.

गावाने मात्र आपापले इलाज सुचवलेच. एकाने सांगितलं, तड्यात जवसाची ढेप आणि चुना ठासा. दुसऱ्याने सांगितलं, तड्यावर भाताची काडी चिकटवून ठेवा, मोडली तर भिंत हलली. गुरुजींनी हे मान्य केलं, काडी चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी ती शेळीने खाल्ली. गुलाबचंद किराणावाल्याचं मत पडलं की मंडपाला लोखंडी साखळीने बांधून टाका, साखळी माझ्याकडे आहे. गुरुजींचे मामा सुकराम, ऐंशी वर्षांचे, जन्मभर त्या तलावाची राखण केलेले, पाळीवर उकिडवे बसून म्हणाले की देवळाले काई झाला नाई, चुना जुना झाला होता. पण मामांना अक्षरओळख नव्हती, आणि गुरुजी आता शास्त्रात शिरले होते.

शास्त्राला दुर्बीण लागते. गुरुजींनी कचेरीकडे अर्ज केला. उत्तर आलं की छापील नमुन्यात करावा. नमुना मागवला, तर त्यात एक रकाना होता: इमारत आजपर्यंत किती खचली. तो भरल्याशिवाय दुर्बीण मिळणार नव्हती आणि दुर्बिणीशिवाय तो भरता येणार नव्हता. गुरुजींनी दोन रात्री विचार केला आणि खऱ्याला स्मरून लिहिलं, "देवास ठाऊक." अर्ज परत आला. शेरा होता की सदर अधिकाऱ्याची सही नाही.

शेवटी कचेरीचा देवचंद ओव्हरसियर कामी आला. त्याला दर महिन्याला तिरोड्याहून सायकल मारत यायचं नव्हतं, म्हणून त्याने रद्दीत काढलेली एक डंपी, म्हणजे उंचसखल मोजायची दुर्बीण, तिची तिपाई आणि आकडे रंगवलेली दहा फुटी पट्टी गुपचूप गुरुजींच्या घरी आणून ठेवली. वर एक अट सांगितली, की साधन बिघडलं तर मी तुम्हाला ओळखत नाही.

त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. तो तिचा गुण आहे, दोष नाही, पण हे गावाला समजावता समजावता गुरुजींचा घसा बसला. पहिल्याच दिवशी पंचांनी आळीपाळीने डोळा लावला आणि देवळाचा कळस खाली, पाया वर असा पाहून घेतला. संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या गोरेगावच्या बाजारात पोचली की गुरुजींनी देऊळ पालथं केलं. बायकांनी तर विहिरीची वाटच बदलली, कारण दुर्बीण माणसाला उलटं टांगते, आणि मग लुगड्याचं काय होत असेल? गुरुजींची बायको कुंदाबाई त्यांना म्हणाली, "अजी, शाळेतली पोरं सरळ करता करता तुमी अख्खा गाव उलटा केला." गुरुजींनी त्या दिवशी भाजीत मीठ कमी असल्याचं दोनदा सांगितलं.

मोजणीची रीत अशी. देवळापासून लांब, पाळीच्या पलीकडे, जमिनीतून वर आलेला एक काळा कातळ होता. कमरेएवढा, वर सपाट. तो हलणं शक्य नाही असं धरायचं. दुर्बीण मध्ये लावायची. आधी पट्टी कातळाच्या माथ्यावर उभी करून आकडा वाचायचा, मग मंडपाच्या चारही कोपऱ्यांवर. कातळ होता तिथेच असतो, तेव्हा दोन आकड्यांतली वजाबाकी बदलली तर मंडप हलला. गुरुजींनी कातळाच्या दर्शनी बाजूवर छिन्नीने एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन फाट्यांचा बाण कोरला, सर्व्हेवाले कोरतात तसा. आणि मग त्यांनी ती चूक केली जी कुठल्याही सर्व्हेवाल्याने कधी केली नसेल. त्यांनी त्या कातळासमोर उभं राहून भाषण केलं.

भाषण चांगलं झालं. कीर्तन ऐकून ऐकून त्यांना बोलायची हातोटी होती. हा दगड अचल आहे, ते म्हणाले. सृष्टी हलेल, हा हलणार नाही. आपल्या देवळाचं भवितव्य याच्या माथ्यावर आहे. याला कोणी पाय लावू नये, याला कोणी ढोर बांधू नये. शेवटी त्यांनी हातही जोडले.

आता सांगा, असं ऐकल्यावर गावाने काय करावं? गुढीपाडव्याला पहिली मोजणी झाली. तिसऱ्या दिवशी त्या बाणावर कुंकवाचं बोट होतं. आठव्या दिवशी शेंदूर. रामनवमीपर्यंत शेजारच्या पळसाला भगवं फडकं बांधलं गेलं आणि कातळाला नाव मिळालं, अचलबाबा. अनुसयाबाईने मंगळवार आणि शनिवार धरले. नाव काठाला लागायची तर मंडप टिकायला हवा, आणि मंडप अचलबाबाच्या हातात, हे तिचं गणित सरळ होतं. शेंदूर ती जवसाच्या तेलात कालवायची, कारण त्या मुलखात दिव्यापासून फोडणीपर्यंत तेल म्हणजे जवसाचंच. आणि हे लक्षात ठेवा की जवसाच्या तेलातला शेंदूर ओघळत नाही. तो वाळतो, घट्ट होतो, आणि मग छिन्नीशिवाय निघत नाही. मुंबईकडचे नळ जोडणारे याच मिश्रणाने नळाचे सांधे भरतात म्हणे. ही माहिती गुरुजींना होती की नाही? होती. तिसरीच्या पुस्तकात होती.

वैशाखाची मोजणी झाली. पट्टी धरायला मंगरू कोतवाल असायचा. मंगरू फार नेमाचा माणूस. बाबाच्या माथ्यावर लाकूड टेकवायचं म्हणून आधी वहाणा काढायचा, पट्टीचा तळ तीन वेळा धुवायचा, बाबाची क्षमा मागायचा आणि मग पट्टी अशी सरळ धरायचा की माशी बसली तरी हलायची नाही. गुरुजींनी आकडे वाचले, वजाबाकी केली, आणि मंडप एक सूत खाली गेलेला निघाला. वजाबाकी पुन्हा केली. पुन्हा एक सूत.

ज्येष्ठात दोन. आषाढात तीन.

गुरुजींचं जेवण कमी झालं. चारही कोपरे अगदी सारखे खाली जात होते, तडा तेवढाच होता, तरी आकडा वाढत होता. खोटा आकडा लिहिणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. ज्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्रीराम' लिहिलंय तिच्यात खोटं कसं लिहायचं? खरा लिहिला तर मंडप उतरणार. मंडप उतरला तर बुवांची गादी जाणार, आणि ती बाई आणि ते लेकरू कायमचं पाण्यात. एवढ्यात रस्त्यात अनुसयाबाई भेटायची आणि विचारायची, "कसा हाये गुरुजी मंडप?" गुरुजी म्हणायचे, "पाहून राहिलो, बाई." एरवी ते शाळेतलं शुद्ध बोलायचे, पण आता पाहून राहिलो म्हणायला लागले, तेव्हाच कुंदाबाईने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

माणूस शास्त्रात अडला की देवाकडे वळतो. श्रावणातल्या पहिल्या शनिवारी गुरुजी पहाटे अंघोळ करून अचलबाबाकडे गेले. एका द्रोणात त्यांनी स्वतः कालवलेला शेंदूर होता, चांगला पावशेर. डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली की बाबा, तू अचल आहेस, माझ्या मंडपालाही अचल कर, आणि मिटल्या डोळ्यांनीच तो सगळा द्रोण बाबाच्या माथ्यावर पालथा करून हाताने थापला. त्यांनी त्या वेळी डोळे उघडे ठेवले असते तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण देवापुढे डोळे उघडे ठेवणारा माणूस भिवाटोल्यात नव्हता, आणि मोजणीच्या दिवशी तर गुरुजी शंभर फुटांवर दुर्बिणीपाशी. तिच्यात त्यांना पट्टीचे आकडे दिसायचे, तेही उलटे. दगड दिसायचा नाही.

श्रावणाची मोजणी आली. सहा सूत. एका महिन्यात तीन.

त्या दिवशी गुलाबचंद दुकानाच्या ओट्यावरून हाक मारून म्हणाला, "गुरुजी, आपका पत्थर बड़ा जागृत है. सिंदूर दुकान में टिकता ही नहीं." कोणाची गाय व्याली की एक थर, कोणाचा ताप उतरला की एक थर, असं चाललं होतं. एखादा माणूस ते ऐकून जागच्या जागी थबकला असता. गुरुजी मान हलवून पुढे गेले. देवाची कीर्ती वाढते आहे याचं त्यांना त्या दुःखातही समाधान वाटलं.

भाद्रपदात तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, तेव्हा आकडा आठ होता. सुकराममामा पाळीवर होतेच. ते मंडपाच्या पायऱ्यांकडे पाहून काहीतरी बोलले, पण गुरुजी तेव्हा दुर्बिणीवरच्या नळीतला बुडबुडा मध्ये आणत होते. अश्विनात नऊ, कार्तिकात दहा, मार्गशीर्षात अकरा. अनुसयाबाईच्या गुळाला दहा महिने झाले होते. ती वाळली होती, आणि मंगळवार-शनिवार एकही चुकवला नव्हता.

पौषात एका सकाळी लवकरच कचेरीचा साहेब आला. तरुण होता, नागपूरचा, बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारा. बरोबर देवचंद, जो गुरुजींना ओळखत नव्हता. देवळापुढे सगळा गाव जमला. साहेबाने वही वाचली आणि वही फार नीट ठेवल्याबद्दल गुरुजींचं कौतुक केलं. मग म्हणाला की आकडे स्पष्ट आहेत, इमारत दीड इंचाच्या आसपास खचली आहे, माघाच्या आत उतरवून घ्या.

गुरुजींनी रुमाल काढून घाम पुसला आणि रुमाल पुन्हा डोक्याला बांधायचं विसरून गेले. अनुसयाबाई पुढे आली आणि साहेबाच्या बुटांपाशी खाली बसली.

"नाई खचला," पाळीवरून आवाज आला. सुकराममामा विडी विझवत होते.

साहेबाने विचारलं, हे कोण? गुरुजींनी मान खाली घालून सांगितलं की हे माझे मामा, तलावाचे राखणदार. म्हातारे आहेत, मनावर घेऊ नये. मामा तोवर काठी टेकत मंडपाच्या तलावाकडच्या पायऱ्यांशी पोचले होते. तिसऱ्या पायरीवर एक मासा कोरलेला होता. त्यांनी काठीचं टोक माशाच्या डोळ्यावर ठेवलं.

"माह्या आज्याने कोरला हा. सांडवा वाहू लागला का पानी या डोर्‍याले लागते. न वर, न खाली. मंडप आन पायरी एकाच पायातली, एकाच चुन्यातली. यंदा भादव्यात सांडवा वाहिला, तवा पानी डोर्‍यालेच होता. तवा तुमच्या वहीत किती होते?"

"आठ सूत," गुरुजी म्हणाले.

"एक इंच खाली गेला असता त मासा बुडाला असता. नाई बुडाला. मी पायला."

साहेब पायरीवर वाकला. मासा पाहिला, मग लांब सांडवा पाहिला. गुरुजी मामांकडे वळले.

"मामा, तुम्ही आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू कई इचारला? तू त दुर्बिनीत पाहून राहिला होता."

हे सगळ्या गावासमोर. त्यात पहिली ते चौथीचे सगळे विद्यार्थीही आले.

साहेब हिशेबी माणूस होता. तो म्हणाला, पाणी तर बदलत नाही. मंडप खाली गेला नसेल तर एकच उरतं. तुमचा दगड वर आला.

दगड कसा वर येईल, असं गुरुजी म्हणत होते, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक होत गेला. कारण सगळे कातळाकडे निघाले होते, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदाच गुरुजींनी अचलबाबाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं. बाबा शेंदरी होता, तकतकीत होता, आणि त्याच्या माथ्यावर भाकरीच्या चवडीसारखी एक जाड टोपी होती. टोपीच्या कडेला थर मोजता येत होते, झाडाच्या बुंध्यात वर्षं मोजतात तसे. मधला एक थर बाकीच्यांपेक्षा जाड होता. तो कोणाचा, हे एकट्या गुरुजींना माहीत होतं.

आता प्रश्न आला की ती टोपी काढायची कोणी. साहेब छडी उगारून पुढे झाला, तर अनुसयाबाईने त्याला दहा पावलांवर थांबवून बूट काढायला लावले. बूट काढल्यावर त्याच्यातला निम्मा साहेब तिथेच उतरला. मंगरू म्हणाला, मी बाबाला पट्टी लावतो ती क्षमा मागून, छिन्नी लावणार नाही. देवचंद म्हणाला, माझा या गावाशी संबंध नाही. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी छिन्नी हातात घेतली, आणि त्यांचा हात उठेना. देवाचं देऊळ वाचवायला देवालाच घाव घालायचा, असं कुठल्या आख्यानात त्यांनी ऐकलं नव्हतं.

अनुसयाबाईने ती त्यांच्या हातून काढून घेतली. बाबाच्या पायाशी कपाळ टेकलं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी बोलली. "बाबा, उन्हातान्हाची टोपी घालून बसला. काढा आता. बुवा येऊन राहिले." आणि कडेने एक ठोका दिला, हलका, खोबऱ्याची वाटी सोडवतात तसा. टोपी अख्खी सुटली. तिने ती पदरात धरली. खाली काळा कातळ होता, गुढीपाडव्याला होता तसाच.

मंगरूने पट्टी धुतली, क्षमा मागितली, पट्टी धरली. गुरुजी धावत दुर्बिणीपाशी गेले. आकडा वाचला, मग चार कोपरे वाचले, आणि वजाबाकी केली. उत्तर शून्य आलं. मागून कोणीतरी म्हणालं की मंडप वर आला, आणि गावाने रामनामाचा गजर केला. साहेबानेही अनवाणी उभं राहून टोपी काढली. ती देवासाठी की सुकराममामांसाठी, हे विचारायचं राहूनच गेलं.

एक अडचण उरली होती. दाखल्याच्या नमुन्यात मोजणी का चुकली याचं कारण लिहायचं होतं. देवचंदने हळूच सुचवलं की साधन नादुरुस्त लिहा. गुरुजी म्हणाले, साधन ठीक होतं, खोटं लिहू नका. मग काय लिहू, साहेबाने विचारलं. गुरुजींनी कोटाची वरची गुंडी लावली आणि सांगितलं, "लिहा, मोजणाराची भक्ती." साहेबाने क्षणभर विचार करून लिहिलं की मूळ खुणेची उंची वाढल्यामुळे. त्यावर कचेरीचा उलट कागद आला, की सदर खुणेची वाढ अद्याप चालू आहे काय, हे दरमहा कळवावं. गुरुजी निवृत्त होईपर्यंत दरमहा कळवत राहिले. वाढ होत नव्हती, कारण आता शेंदूर बाणाला लावायचा, माथ्याला नाही, असा ठराव पंचांनी केला होता. तरी दर पौर्णिमेला गुरुजी जाऊन बाबाच्या माथ्यावरून हात फिरवून यायचे. डोळे उघडे ठेवून.

माघात भोजराजबुवा आले. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा गादीवर उभे राहिले, चिपळ्या गेल्या वर्षी होत्या तशाच डोक्याच्या वर उचलल्या, आणि म्हणाले, "तर पाणी गुडघ्याला लागलं होतं." अनुसयाबाई खांबापाशी होती.

पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं. नावाडी डोळे मिटून धावा करतोय. नाव खाली गेली. आता पाणी गळ्याला लागणार म्हणून तो थांबलाय, तर लागेना. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. शेवटी कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. डोळे उघडून पाहतो तर नावेखाली वाळूचा दांडा, नाव त्यावर टेकलेली, आणि ती बाई लेकरू डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी. ती म्हणाली, बाबा रे, देवाने दांडा केव्हाच दिला होता, तू पाहिलाच नाहीस. बुवा थांबले, आणि अगदी हळू म्हणाले की हात जोडायला डोळे मिटावेच लागतात असं नाही.

सगळा मंडप वळून गुरुजींकडे पाहू लागला. गुरुजी खांबावरची नक्षी पाहत होते. काही लोक म्हणतात की आख्यानाचा शेवट असा नव्हताच. दुपारी कुंदाबाईच्या हातचा चहा पिताना बुवांना सगळी हकीगत कळली आणि त्यांनी तो बदलला. मी बुवांना विचारणार होतो, पण तो त्यांचा शेवटचा माघ होता.

कीर्तन संपल्यावर गुरुजींनी स्वतःच्या हाताने अनुसयाबाईपुढे गुळाची ढेप धरली. तिने एक खडा मोडला, तोंडात टाकला आणि विरघळू दिला. मग म्हणाली, "वरीसभरात चवच इसरून गेली मी," आणि खात्री करून घ्यायला दुसरा घेतला. तिसरा पदराला बांधला. त्याच पदरात तिने ती शेंदराची टोपी घरी नेली होती, आणि मरेपर्यंत देवघरात ठेवली होती.

ती त्यानंतर तीन माघ ऐकून गेली. आता तिच्या मागे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. घरी गेल्यावर कधी गुळाचा खडा जिभेवर ठेवाल, तर तो विरघळेपर्यंत तरी त्या अनुसयाबाईची आठवण असू द्या.